व्याजाचे ७२ पैसे : बीडीडीचे सिनॅरिओ लिहिताना

हाउसिंग सोसायट्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीवर व्याज लावायचं होतं आणि त्याचे सिनॅरिओ, म्हणजे 'असं असताना असं केलं तर असं व्हावं' अशी उदाहरणं, लिहायचं काम माझ्याकडे आलं. पद्धत बिहेवियर-ड्रिव्हन डेव्हलपमेंटची (बीडीडी): सॉफ्टवेअरनं कसं वागावं हे आधी उदाहरणांनी ठरवायचं, मग कोड. टूल क्युकंबर, जे हे सिनॅरिओ टेस्ट म्हणून चालवतं. कोड जावात. नियम एका ओळीचा: सोसायटीच्या त्या वेळच्या उपविधींप्रमाणे सरळव्याज, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, दर सर्वसाधारण सभा ठरवणार. एवढ्यावर कोड लिहिता येईल असं वाटतं. येत नाही.

आधी सिनॅरिओची फाइल उघडायचीच नाही. हिशोब जाणणारा, डेव्हलपर आणि टेस्टर, तिघांनी पंचवीस मिनिटं बसायचं. पिवळ्या कार्डावर गरज, निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरण, लालवर प्रश्न. उदाहरणात खरे आकडे हवेत. आम्ही घेतलं: देखभाल शुल्क ३,००० रुपये, मुदत २५ जून, भरणा २५ जुलै. २१ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६३० रुपये. त्याला ३६५ नं भागून ३० दिवसांचे झाले ५१.७८. हिशोबवाल्याचं उत्तर ५२.५०, कारण त्यानं ६३० ला सरळ बारानं भागलं. '२१ टक्के सरळव्याज' या शब्दांत हे ७२ पैसे दिसायला जागाच नाही. म्हणून लाल कार्ड. दुसरं लाल कार्ड चेकचं: २५ ला दिला, २८ ला वटला, तर भरणा कुठल्या तारखेचा? उत्तर येईपर्यंत त्याचा सिनॅरिओ लिहायचा नाही. अंदाजानं लिहिलेला आकडा सहा महिन्यांनी नियम म्हणून दाखवला जातो.

व्याज दिवसांवर ठरलं, मग लिहायला घेतलं. पहिला खर्डा फसला. लॉगिन करतो, 'बिले'वर क्लिक करतो, फ्लॅट निवडतो, तारीख टाकतो, 'सेव्ह' दाबतो... अकरा स्टेप (सिनॅरिओची एक ओळ म्हणजे एक स्टेप), आणि व्याज शेवटच्या ओळीत. बटणाचं नाव बदललं की व्याज बरोबर असूनही टेस्ट लाल, म्हणजे फेल. सगळं पुसून तीन ओळी ठेवल्या:

जर फ्लॅट १०२ चे ३००० रुपये २५ जूनपर्यंत भरायचे आहेत
जेव्हा सभासद ते २५ जुलैला भरतो
तेव्हा व्याज ५१.७८ रुपये लागते

हो, घर्किनला, म्हणजे क्युकंबरचे सिनॅरिओ ज्या भाषेत लिहितात तिला, मराठी कळते. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड द्यायचा, की 'वैशिष्ट्य', 'परिदृश्य', 'जर', 'जेव्हा', 'तेव्हा' चालतात. 'जर'ऐवजी 'दिलेल्या प्रमाणे'ही आहे, पण त्यापुढे सरळ मराठी वाक्य बसवून दाखवा! एक खाच मात्र लक्षात ठेवा: आकडे इथे मराठीत दिलेत, फाइलमध्ये ते इंग्रजीच हवेत. जावात क्युकंबरची आकड्याची जागा '३०००' ओळखत नाही आणि स्टेप सापडलीच नाही असं सांगते. चूक अंकात आहे हे चटकन सुचत नाही. पैशांसाठी बिगडेसिमल, म्हणजे दशांश अचूक ठेवणारा जावाचा प्रकार, वापरा. दशांश अंदाजे ठेवणारा फ्लोट घेतलात तर पैशांच्या तुलनेत कधीतरी दगा होणारच.

सीमेवरच्या तारखांसाठी 'परिदृश्य रूपरेखा', म्हणजे वेगवेगळ्या आकड्यांनी चालणारा एकच सिनॅरिओ, आणि खाली तक्ता: २५ जूनला भरले तर ०, २६ ला १.७३, २५ जुलैला ५१.७८. मधली ओळ सगळ्यात मोलाची, कारण मुदतीचा दिवस धरायचा की सोडायचा ही चूक तिथेच पकडली जाते. १० जुलै, १५ जुलै अशा ओळी वाढवून काही हाती लागत नाही.

स्टेपमागच्या कोडमध्ये दोन ठिकाणी त्रास झाला. एक, 'आजची तारीख' सिस्टिमच्या घड्याळातून घेतली, तर टेस्ट आज हिरवी आणि पुढच्या महिन्यात लाल. घड्याळ बाहेरून द्यायचं आणि सिनॅरिओत तारीख वर्षासकट गोठवायची. दोन, आधीच्या सिनॅरिओनं बनवलेला फ्लॅट पुढच्यानं वापरला. ओळीनं चालवलं की सगळं पास, एकटा चालवला की फेल. आता प्रत्येक सिनॅरिओ आपला फ्लॅट आपण बनवतो आणि ते चालवायचा क्रम आम्ही मुद्दाम उलटसुलट ठेवतो. व्याजाचे सगळे सिनॅरिओ थेट हिशोबाच्या सर्व्हिसवर, म्हणजे व्याज काढणाऱ्या कोडवर, स्क्रीनशिवाय चालतात. ब्राउझरमधून फक्त एक, बिलावर व्याजाची ओळ छापली जाते का एवढं बघायला.