कौलारू घराचा छोटा नमुना: कोणत्या कामाला कोणतं पातं

पातं घेताना बहुतेक जण धार बघतात. मी आधी जाडी बघतो, आणि ते पातं मुठीत कसं धरलं जातं ते बघतो. कारण धार चार रेघांत जाते. जाडी जात नाही. पातं कागदात किंवा लाकडात शिरतं तेव्हा ते पाचरीसारखं दोन्ही बाजूंचा माल ढकलत जातं. माल मऊ असेल तर दबतो, कडक असेल तर फुटतो, आणि पात्याला मुठीत आधार नसेल तर पातंच बाजूला वाकतं. तुटलेल्या कोपऱ्यांचं आणि तिरक्या कडांचं मूळ बहुतेक वेळा यातच सापडतं.

उदाहरणाला आपलं नेहमीचं घर घेऊ: जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी. प्रमाण १:५०. गणपतीच्या आराशीत किंवा दिवाळीच्या किल्ल्याखाली ठेवायला हे माप हाताला बरं पडतं. या एका घरात चार वेगळ्या जातीचा माल येतो, त्यामुळे चार वेगळी पाती लागतात.

आधी जाड्या. दाढीचं दुधारी पातं साधारण ०.१ मिमी. सर्जिकल पातं आणि ९ मिमी रुंदीच्या कटरचं पातं, दोन्ही ०.४ मिमीच्या आसपास. १८ मिमी रुंदीच्या मोठ्या कटरचं ०.५ मिमी. सर्जिकल आणि छोट्या कटरची जाडी जवळजवळ सारखी असली तरी काम सारखं होत नाही. कटरचं पातं पत्र्याच्या खाचेत दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. सर्जिकल पातं दांड्याच्या टोकावर नुसतं अडकवलेलं असतं, त्याचं टोक लांब आणि नाजूक. बाजूचा जोर पडला की ते मोडतं, आणि मोडलेला तुकडा उडतो. म्हणून चष्मा घालूनच बसायचं.

छपरापासून सुरुवात करतो, कारण पाती सगळ्यात जास्त तिथेच खर्च होतात. मंगलोरी कौल साधारण १६ इंच लांब आणि ९ इंच रुंद. १:५० मध्ये ते ८ मिमी लांब आणि साडेचार मिमी रुंद होतं. वरची ओळ खालच्या ओळीवर चढत असल्याने उघडी लांबी सव्वासहा-साडेसहा मिमी राहते, आणि रुंदी ४ मिमी धरली तर चालते. ३०० जीएसएम कार्डशीटच्या ८ मिमी रुंद पट्ट्या काढायच्या आणि प्रत्येक पट्टीला खालच्या कडेपासून दर ४ मिमीवर ६ मिमी उंचीची चीर द्यायची. छपराची एक बाजू २० सेमी लांब आणि १० सेमी उतरती असेल तर १६ पट्ट्या आणि प्रत्येकीला ५०च्या आसपास चिरा, म्हणजे एका बाजूला जवळजवळ ८०० छोटे काप. इतक्या कापांत पात्याचं फक्त टोक झिजतं, मागची धार कोरीच राहते. अशा कामाला महागडं चाकूचं पातं घेणं मला पटत नाही. ९ मिमी कटरमध्ये बसणारं ३० अंशांचं तिरकं तोडपातं घ्यावं, म्हणजे आखलेल्या रेघांवर टप्प्याटप्प्याने तोडता येणारं पातं. दोन-तीन पट्ट्या झाल्या की एक टप्पा तोडावा. तोडताना पात्यावरच्या रेघांची बाजू वर ठेवून, पकडीने टोक धरून खाली वाकवायचं. उलट वाकवलं तर पातं रेघेवर न तुटता वेडंवाकडं तुटतं.

टप्पा कधी तोडायचा हे चिरेकडे बघून कळतं. चिरेच्या तळाशी कागदाचे तंतू उभे राहिले की टोक गेलं. थांबून उपयोग नाही. रंग दिल्यावर तेच तंतू कौलावर शेवाळ आल्यासारखे दिसतात.

भिंतीला दोन पर्याय. २ मिमी मिलबोर्ड (जाड कडक पुठ्ठा), नाहीतर निळ्या-गुलाबी रंगात मिळणारी एक्सपीएस फोमची लादी. (सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, म्हणून गणपतीच्या कामाला मिलबोर्डच धरावा.) मिलबोर्ड ९ मिमी कटरने कापायचा, पातं एकच टप्पा बाहेर काढून. स्टीलची पट्टी भिंतीच्या भागावर ठेवायची, पातं टाकाऊ बाजूला. चुकून घसरलं तर भिंत वाचते. पहिला हात फक्त कटरच्या वजनाचा, नुसती वाट पाडायला. मग पाच-सात हात, प्रत्येक थोडा खोल. पहिल्याच हाताला जोर लावला की पातं पट्टीपासून बाहेर झुकतं, वरची रेघ सरळ दिसते आणि खालची कड थोडी आत जाते. कोपऱ्यात भिंती जुळत नाहीत तेव्हा माप चुकल्याचा संशय येतो, पण बहुधा चूक या झुकण्याची असते.

खिडक्या-दारांना मात्र सर्जिकल पातं. औषधाच्या नाहीतर सर्जिकल सामानाच्या दुकानात ‘३ नंबरचं बी. पी. हँडल आणि ११ नंबरची पाती’ एवढं सांगितलं की पुरतं. ३ नंबरच्या दांड्याला १०, ११ आणि १५ नंबरची पाती बसतात. २० ते २४ नंबरच्या मोठ्या पात्यांना ४ नंबरचा दांडा लागतो, तो या कामाला जड पडतो. ११ नंबर टोकदार आणि सरळ धारेचं, १५ नंबर लहान गोल धारेचं. तुळशीवृंदावनाची गोलाई करायला ते बरं. खिडकी कापताना चारही कोपऱ्यांत टोक उभं दाबून घ्यायचं, मग प्रत्येक कोपऱ्यातून मध्याकडे कापत यायचं. कोपऱ्याकडे कापत गेलं की रेघ पुढे निसटते, आणि कितीही रंग दिला तरी ती दिसते.

फोमच्या भिंतीला १८ मिमी कटर, पातं चांगलं लांब बाहेर काढून, जवळजवळ आडवं धरून, एका लांब ओढीत. बोथट पात्याने फोम कापला जात नाही, तो ओढून फाटतो. जांभ्याच्या चिऱ्यांचे सांधे मात्र पात्याने करू नयेत. संपलेल्या बॉलपेनने दाबले की सांध्याची कड गोल येते, जांभ्याची दिसते तशी. गरम तारेचं कटर असेल तर ते फोमपुरतंच ठेवावं. सनबोर्ड म्हणून मिळते ती बहुधा पीव्हीसीची लादी असते. ती तापवली की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. ती पात्यानेच कापावी.

वाशांसाठी बाल्साचं मऊ, हलकं लाकूड घेतलं तर दाढीचं पातं. कागदी वेष्टणातच मधोमध वाकवून अर्धं करायचं आणि तुटलेल्या कडेवर चिकटपट्टी लावायची. इतकं पातळ पातं बाल्साच्या तंतूंना चिरडत नाही, पण ते लवतं, म्हणून २ मिमीपेक्षा जाड पट्टीला वापरू नये. आधी तंतूंना आडवे काप, मग उभे. उलट केलं तर टोकाशी कपचे उडतात. माणगा बांबूच्या काठीचे वासे मला बाल्सापेक्षा जास्त आवडतात, सरळ आणि चिवट. ते कापायचे नाहीत, फोडायचे. १८ मिमीचं पातं टोकाला ठेवून हलकं ठोकलं की काठी उभी फुटत जाते. बांबूत सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. बांबूला लावलेलं पातं परत कार्डाला लावू नये.

बोथट झालेलं एक पातं राखून ठेवावं. प्लास्टिकच्या तयार भागांवर साच्याची रेघ असते, ती खरवडायला नवं पातं रुततं आणि खळगे पाडतं. जुनं पातं काटकोनात धरून खरवडलं तर कड साफ येते.

आता गंज. मालवण, हर्णै, देवगडसारख्या किनाऱ्यावरच्या गावांत हवेत मीठ असतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे दमटपणा कित्येक दिवस त्याच्या वरच असतो. बोटांचा घामही तेच करतो. तरीही मी स्टेनलेसपेक्षा कार्बन स्टीलची पाती घ्यायला सांगेन. त्यांची धार जास्त तीक्ष्ण येते, आणि पातं एका बैठकीपुरतंच असतं. एकेक पातं वेगळं पाकीटबंद आलेलं घ्यावं, लागेल तेव्हाच पाकीट फोडावं. कटरच्या पात्यांची नळी उघडली की तिच्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पात्यांना शिलाई मशीनचं तेल पुसटसं लावावं. खोबरेल नको, ते खवट झालं की त्यात आम्ल तयार होतं. कापायच्या आधी तेल कोरड्या फडक्याने पुसायचं, नाहीतर कार्डावर डाग पडतो आणि तिथे गोंद धरत नाही.

पावसाळ्यात मिलबोर्डही ओल धरतो. मग नवं पातंही कड गुळगुळीत देत नाही, कारण ओले तंतू कापले न जाता वाकतात. कापायच्या आदल्या रात्री बोर्ड वजनाखाली सपाट ठेवून दिव्याच्या उबेत सुकवावा. तरी कड फुलत असेल तर अर्ध्या खोलीपर्यंत कापून झाल्यावर रेघेत फेविक्विकसारखा पातळ गोंद सोडावा, पूर्ण सुकू द्यावा आणि मग उरलेले हात मारावेत. घट्ट झालेले तंतू स्वच्छ कापले जातात. त्या गोंदाने पात्याची धारही लवकर जाते, म्हणून हा उपाय फक्त समोरून दिसणाऱ्या कडांना.

खाली कटिंग मॅट हवी. काचेवर किंवा सनमायकावर पहिल्याच कापाला टोक सपाट होतं. मॅट नसेल तर जाड मिलबोर्डाचा तुकडा ठेवावा आणि भेगा पडल्या की बदलावा.

सर्जिकल पातं दांड्यावरून बोटांनी काढू नये. पकडीने पात्याची मागची कड थोडी उचलायची आणि पातं पुढे, अंगापासून लांब सरकवायचं. मोडके टप्पे आणि वापरलेली पाती घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत टाकावीत. भरली की झाकणाला चिकटपट्टी गुंडाळून वर ‘पाती’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं आणि कचरा उचलणाऱ्याच्या हातात सांगूनच द्यावी.