पहिल्या फिल्मफेअरचा संच : पाचपैकी साडेतीन

गेल्या बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात ‘दो बिघा जमीन’चं गाण्यांचं पुस्तक हाती लागलं आणि वर्षभर अडून बसलेला, पहिल्या फिल्मफेअर पुरस्कारांच्या वस्तूंचा माझा पाच घरांचा संच (दर पारितोषिकाला एक घर) एकदम दोन घरं पुढे सरकला. एका पुस्तकाने दोन घरं, कारण पहिल्या फिल्मफेअरमध्ये उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शन हे दोन्ही मान याच चित्रपटाला मिळाले. दिग्दर्शनाचा अर्थातच बिमल रॉय यांना.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. २१ मार्च १९५४ ला मुंबईत धोबी तलावाजवळच्या मेट्रो थिएटरात पहिला समारंभ झाला. तेव्हा त्याला ‘क्लेअर पुरस्कार’ म्हणत. टाइम्स ऑफ इंडियाच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून. पारितोषिकं फक्त पाच. वरची दोन, ‘दाग’साठी दिलीपकुमार, ‘बैजू बावरा’साठी मीनाकुमारी आणि त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी नौशाद. प्रत्येक पारितोषिकामागे त्या काळातली छापील वस्तू किंवा तबकडी, एवढाच माझा नियम. पुनर्मुद्रण चालत नाही.

पुस्तकाची अवस्था बरी आहे. मधल्या घडीतल्या दोन्ही पिना गंजल्या होत्या आणि गंज कागदात एक बोटभर उतरला होता. पिना ओढून काढायचा मोह टाळा, कागद फाटतोच. मी आतल्या बाजूने पिनेचे पाय पातळ चाकूने हळूहळू उभे केले आणि मग बाहेरून अलगद उचलून घेतल्या. अर्धा तास गेला, पण एकही भोक मोठं झालं नाही. नवी पिन मारली नाही, पांढऱ्या सुती दोऱ्याने शिवून टाकलं. मागच्या पानावर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती, तिला हात लावलेला नाही. ती निघेल, पण तिच्याबरोबर शाईही निघेल.

संगीताचं घर आधीच भरलं आहे. इथे एक गोष्ट बऱ्याच संग्राहकांच्या नजरेतून सुटते. पहिली दोन वर्षं संगीताचं पारितोषिक अख्ख्या चित्रपटाला नव्हतं, एका गाण्याला होतं. नौशादना ते ‘तू गंगा की मौज’साठी मिळालं, पुढच्या वर्षी सचिनदेव बर्मन यांना ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या ‘जाए तो जाए कहाँ’साठी. त्यामुळे ‘बैजू बावरा’ची हाताला लागेल ती तबकडी घेऊन भागत नाही, हीच लागते. खरं सांगायचं तर पलुस्कर आणि अमीर खाँ यांच्या जुगलबंदीची तबकडी मला जास्त प्रिय आहे, पण ती या संचात बसत नाही, म्हणून वेगळ्या खोक्यात आहे. आणि ‘तू गंगा की मौज’ गाणारे रफी आणि लता, लिहिणारे शकील बदायुनी, यांच्यासाठी त्या वर्षी पारितोषिकच नव्हतं. पार्श्वगायनाचं १९५९ मध्ये आलं. भैरवीतलं ते गाणं ऐकताना ही उणीव मला दर वेळी टोचते.

७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या पुसणाऱ्यांना कळकळीची विनंती : स्पिरिट वापरू नका. या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझी एक भावगीतांची तबकडी अशीच गेली. कापूस काळा झाला तेव्हा मला वाटलं मळ निघतोय. आता साधं पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लेबलवर कोरडी बशी उपडी, आणि लगेच मऊ कापडाने टिपून घेणं. सुईही ७८चीच, रुंद टोकाची. एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले तबकड्यांची सुई खोबणीच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते.

‘दाग’ला अर्धाच गुण देतो, कारण पुस्तकाचं मागचं पान नाही. मीनाकुमारींचं घर रिकामं.

आता वर्षाचा घोळ. ‘दाग’ आणि ‘बैजू बावरा’ दोन्ही १९५२चे, ‘दो बिघा जमीन’ १९५३चा, समारंभ १९५४चा. पाकिटावर नुसतं ‘फिल्मफेअर १९५३’ लिहिलं की सहा महिन्यांनी आपलाच आपल्याला उलगडा होत नाही. मी आता प्रदर्शनाचं वर्ष पेन्सिलीने वर आणि समारंभाचं खाली लिहितो.

या महिन्यात संचाला एक जोडखोकंही सुरू केलं आहे. त्याच वर्षी, १० ऑक्टोबर १९५४ ला, सरकारी चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला, आणि ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र. एकीकडे सिनेमाच्या नियतकालिकाचं पारितोषिक, दुसरीकडे सरकारचं, आणि दोन्हीकडे दिसणारा चित्रपट एकच, ‘दो बिघा जमीन’. म्हणून ‘श्यामची आई’ शेजारी ठेवल्याशिवाय माझ्या मते १९५४चं चित्र पुरं होत नाही. वसंत देसाईंच्या संगीताची त्यातली ‘भरजरी गं पीतांबर’ची तबकडी एका स्नेह्यांनी देऊ केली आहे. कडेला बारीक चीर आहे, पण आशाबाईंचा आवाज सुरू होतो त्याच्या आधीच ती संपते.

त्या बाहुलीबद्दलही एक. फिल्मफेअरची मूर्ती घडवली शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी, टाइम्स ऑफ इंडियाचे कला-दिग्दर्शक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखाली. फोर्टमध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवरचं शिल्पकामही पानसऱ्यांचंच. मुंबईला गेलात तर समोरच्या फुटपाथवर उभं राहून वर बघा. त्या उभ्या, लांबट आकृत्यांमध्ये मला मूर्तीची थोरली भावंडं दिसतात. रविवारी जाऊन फोटो काढणार आहे, सकाळी, रस्ता मोकळा असताना.

‘बैजू बावरा’चं पुस्तक कुणाकडे जास्तीचं असेल तर कळवा. बदल्यात ‘बूट पॉलिश’चं देईन, दोन्ही पिनांसकट, एकही पान न फाटलेलं.