म्हाताऱ्या पावसात हम्प्टा पास

हिमाचलात कुल्लूकडून लाहौलकडं उतरणारी खिंड म्हणजे हम्प्टा पास, तिथं ट्रेकला कोणत्या महिन्यात जावं असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, घरी शेती आहे का? नसेल तर सप्टेंबर. असेल तर बसा माझ्यासारखं कालनिर्णय घेऊन.

आमचं परभणीकडचं गणित असं. मे म्हणजे लग्नं, आणि लग्नं नसली तरी मे मध्ये तो पास बर्फाखाली असतो. जून म्हणजे मृग, पेरणी, त्या दिवसांत मी बॅग पाठीला लावून निघालो तर वडील परत घरात घेणार नाहीत. सप्टेंबरात महालक्ष्म्या, तिथं आई आडवी. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, आणि तोवर वर पुन्हा बर्फ सुरू. राहिला डिसेंबर, तर डिसेंबरात लोक उत्तराखंडात केदारकंठाला जातात, खास बर्फात चालायला, पण परभणीचा माणूस डिसेंबरात स्वतःच्याच गावात पाच-सहा डिग्रीत शेकोटी करून बसलेला असतो, त्याला पैसे भरून आणखी कुडकुडायची हौस कुठून येणार. मला तरी नाही.

म्हणून जुलैचा शेवटचा आठवडा. पेरणी झालेली, एक कोळपणी झालेली, फवारणीला थोडा अवकाश. मी, एक मास्तर (झेडपीच्या शाळेवर भूगोल शिकवतो, मूळचा पाटोद्याचा) आणि एक मेडिकलवाला. मेडिकलवाल्यानं दुकान भावाच्या गळ्यात मारलं, मास्तरनं रजा टाकली, कारण काय लिहिलं ते अजून सांगत नाही.

ज्यांच्याकडून ट्रेक बुक केला त्यांच्या साइटवर लिहिलेलं होतं, बेस्ट सीझन जून ते सप्टेंबर. आता जाऊन आल्यावर ह्या एका वाक्याचा मला लै राग आहे. जूनच्या मध्याला तिथं पासच्या दोन्ही अंगाला बर्फच बर्फ असतो, जुलै-ऑगस्टात बर्फाची नुसती ठिगळं राहतात आणि कुल्लूच्या बाजूला गवत, फुलं आणि पाऊस, सप्टेंबरात आभाळ धुतल्यासारखं साफ पण गवत पिवळं आणि रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. हे एका नावाचे तीन वेगवेगळे ट्रेक झाले की. तिन्ही बेस्ट कसे? मी फोन करून विचारलं होतं, जुलै में बारिश कितनी होती है, तर तिकडून पोरगी म्हणाली, सर लाइट ड्रिझल. हे लाइट ड्रिझल पुढं आमच्यात शिवीसारखं वापरलं गेलं.

जाताना सचखंड. सचखंडबद्दल वेगळं लिहायला पाहिजे खरंतर, नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या ह्या गाडीत स्टेशनवर सेवेकरी येऊन लंगरचं जेवण वाढतात, आपलं ताट आपण न्यायचं. मेडिकलवाल्यानं घरून डबा आणला नव्हता मुद्दाम, पण घरून ताट मात्र आणलं होतं, स्टीलचं, कप्प्याचं. दिल्ली, मनाली, बस, उलट्या, हे सगळं सोडून देतो.

मनालीतून वर निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी फोन लावला. उद्यापासून चार दिवस रेंज नाही म्हणून. वडिलांनी तब्येत वगैरे काही विचारलं नाही.

"पाऊस पडायला का रे तिकडं?"

"हाव, पडायलाय थोडा थोडा."

"इकडं नख बुडंल येवढाबी नाही. तरणा गेला तसाच, आता म्हातारा बी तसाच चालला. नुसते ढगं पळायलेत."

तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मी म्हणलं, येईल की दादा. ते म्हणाले, सोयाबीननं माना टाकल्यात. आणि ठेवला फोन.

मनालीहून गाडी बेचाळीस वळणं घेत जोबराला सोडते, तिथून चालायचं. पहिल्या दिवशी चिकापर्यंत पाऊस नव्हताच, रानी नाल्याच्या कडेनं चालत होतो आणि तो नाला म्हणजे काय तर आमच्या दुधनेला पूर आल्यावर दिसतं तेवढं पाणी, बर्फाचं, पांढरं, दगडावर आपटत चाललेलं, रात्रंदिवस, कुणी बघत नसतानाही. २०१६ ला आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा मेडिकलवाला लातूरला शिकायला होता. तो नाल्यापाशी बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, ह्याला एक नळ जोडला असता रे.

दुसऱ्या दिवशी बालू का घेराकडं निघालो आणि दहाच्या सुमाराला लाइट ड्रिझल सुरू झालं. ते रात्रभर थांबलं नाही.

ह्या रात्रीबद्दलच खरं लिहायचं होतं मला.

टेंट तिघांचा म्हणून दिलेला, झोपलो की कूस बदलायला तिघांनी एकमताने ठराव करावा लागतो. मी कडेला होतो, टेंटच्या कापडाला कोपर लागलं की तिथून पाणी आत पाझरायचं, गाईडनं आधीच सांगितलं होतं टच नहीं करना, पण झोपेत कोपराला कोण सांगणार. स्लीपिंग बॅगचा पायाकडचा भाग ओला झाला. बूट ओले, मोजे ओले, एक कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली ती पिशवीच फाटकी निघाली. जवळपास बारा हजार फुटांवर ओले पाय घेऊन पडलं की माणूस काय काय बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी त्या पावसाला सगळं बोललो. त्याच्या आईवरून, बहिणीवरून, खानदानावरून. थांब की मायला, किती पडशील, बास कर, असं मोठ्यानं.

मास्तर अंधारात म्हणाला, "तू कुणाला शिव्या द्यायलास कळायलं का तुला?"

मी गप्प.

मी बेचाळीस वर्षांचा आहे. पावसाला थांब असं मी आयुष्यात कधी म्हणलेलं नाही. आमच्या घरात तसं म्हणतच नाहीत. लहानपणी लग्नाच्या मांडवात पाऊस आला, पाहुणे भिजले, पंगत उठली, तरी चुलता म्हणला होता, येऊ द्या, जेवण परत करता येतं. काढणीच्या वेळंला अवकाळी आला तरी आमचे लोक "आता उघडला पाहिजे" एवढंच म्हणतात, हळू आवाजात, जणू त्याला ऐकू गेलं तर जूनमध्ये राग काढील. आणि मी, जो एकर एकर सोयाबीन उन्हात सोडून आलोय, मी टेंटमध्ये पडून त्याला आईवरून शिव्या देत होतो कारण माझे मोजे ओले झाले होते. मला तेव्हा रडायला आलं असं लिहिलं तर खोटं होईल, तेव्हा मला फक्त थंडी वाजत होती. पण झोप लागली नाही. कापडावर आवाज चालूच, टपटप नाही, धो धोही नाही, एकसुरी, भिजपाऊस, आमच्याकडं असा पाऊस दोन दिवस पडला की लोक पेढे वाटतील. प्रत्येक थेंब ऐकू येत होता आणि प्रत्येक थेंब चुकीच्या ठिकाणी पडत होता.

सकाळी जवळच गद्दी मेंढपाळाचा मुक्काम दिसला. तीन-चारशे मेंढरं, ओल्या लोकरीचा वास, दोन कुत्री, आणि म्हातारा घोंगडं पांघरून बसलेला, आमच्या धनगरासारखाच, काठी सुद्धा तशीच. गाईड म्हणाला हे लोक दर उन्हाळ्यात कळप घेऊन हाच पास ओलांडून लाहौलला जातात, तिकडं पाऊस नाही आणि गवत चांगलं, थंडीच्या आधी परत. म्हणजे ह्या माणसानं सीझन बरोबर निवडला होता, साइट न वाचता.

पासचा दिवस लांब असतो, आठ-नऊ तास धरून चला. वर साधारण चौदा हजार फूट. इंद्रासन आणि देव टिब्बा वरून दिसतात म्हणे, आम्हाला ढगाचं पोट दिसलं. शेवटच्या चढाला मी दहा पावलं टाकून थांबायचो, मेडिकलवाला डोकं दुखतंय म्हणत होता आणि स्वतःच स्वतःला गोळ्या सांगत होता. मग माथा आला आणि मास्तर थांबला.

मागं कुल्लूकडून ढग येत होते, चुलीच्या धुरासारखे वर वर चढत, आणि माथ्यावर येऊन विरत होते. पुढच्या बाजूला निळं आभाळ. खाली तपकिरी, करडे डोंगर, झाड म्हणून नाही. एवढा फरक पडायला किती अंतर, तर मी उजवीकडं बघून डावीकडं बघितलं एवढं.

"पर्जन्यछाया," मास्तर म्हणाला. मग म्हणाला, "चौदा वर्षं फळ्यावर डोंगर काढायलो. एका बाजूला खडूनं तिरप्या रेघा मारतो, पाऊस. महाबळेश्वर, सहा हजार मिलिमीटर. दुसरी बाजू कोरी. पोरं विचारतात सर तिकडं काय? मी म्हणतो तिकडं आपण."

"मग कोरी बाजू तर आपण रोज बघतो की."

"बघतो ना. पण डोंगर कुठं दिसतो आपल्याला तिथून. ढग कुठं मोकळे झाले ते पाटोद्यात उभं राहून दिसत नाही."

गाईड चलो सर चलो करत होता. मास्तरनं फोटो काढला नाही, हे मला तेव्हा विचित्र वाटलं, कारण त्यानं मॅगीचेही फोटो काढले होते.

उतार, शिया गोरू, सकाळी सातला नदी ओलांडणं. बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढतं म्हणून ओढे सकाळी लवकरच ओलांडायचे असतात, पाय कापून काढल्यासारखे होतात, पलीकडं गेल्यावर पाच मिनिटं पाय आपले आहेत की नाहीत तेच कळत नाही. छत्रू, चंद्रताल. चंद्रताल निळं आहे, फोटोत दिसतं तसंच. २०२३ च्या जुलैत पावसानं आणि बर्फानं रस्ते बंद होऊन ह्याच चंद्रतालला अडीचशेच्या वर लोक अडकले होते, हे मास्तरनं तळ्याच्या काठावर उभं राहून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तू आला नसतास, म्हणे. बरोबर आहे.

परतीला लाहौलातच सिस्सूला चहाला थांबलो. रेंज आली. बाजूच्या शेतात वाटाणा तोडायचं काम चालू होतं, शेजारी बटाटा, मातीच्या पाटातून झुळझुळ पाणी, त्याला ते कूल म्हणतात, वरच्या बर्फाचं पाणी. मी शेतकऱ्याला म्हणलं, बारिश नहीं हुई इधर? तो म्हणाला, अच्छा है ना, बारिश से तो मटर खराब होगी. उसका बर्फ गिरना चाहिए सर्दी में, अच्छा गिरा तो गरमी भर पानी. म्हणजे ह्याचा मृग जानेवारीत. हिवाळाभर वर बघायचं. वर बघणं काही सुटत नाही, फक्त महिना वेगळा.

घरी फोन लावला. दादा म्हणाले, अजून नाही. तिकडं पडला का? मी म्हणलं थोडा थोडा. दुसऱ्यांदा खोटं बोललो.

मग अटल टनेल. ९ किलोमीटरचा बोगदा आहे, पूर्वी रोहतांग चढून उतरावा लागायचा तो डोंगर आता दहा-बारा मिनिटांत आतून पार होतो. आत शिरताना ऊन होतं, ड्रायव्हरच्या काचेवर धूळ होती, बोटानं नाव लिहिता येईल एवढी. बाहेर निघालो आणि काचेवर पाण्याचा तडाखा बसला, त्यानं न बघता वायपर चालू केला, रोजची सवय असावी, आणि धुळीचा चिखल होऊन अर्धवर्तुळात फिरला. मास्तर पुढच्या सीटवर होता. पावसाला कुणीच काही बोललं नाही.

परभणीला उतरलो तेव्हा सकाळीच ऊन लागत होतं. घरी आईनं बॅग रिकामी केली, ओल्या कपड्यांचा वास घरभर झाला. पोंचोच्या घडीतून अजून पाणी निघालं, चहाच्या कपभर असेल, अंगणात सांडलं आणि मी बघेपर्यंत मातीत गेलं. तिनं पोंचो दोरीवर टाकला.

दादांनी त्याचं कापड बोटांत धरून बघितलं. "केवढ्याला?"

"नऊशे."

"पाऊस लागू नये म्हणून?"

"हाव."

ते काही बोलले नाहीत, कोळप्याची फास बघायला गोठ्याकडं गेले. पोंचो अर्ध्या तासात वाळला.