तुम्ही विचारलंत म्हणून: कन्सोल उघडणं म्हणजे चीटिंग का?

काउंटर-स्ट्राइक हा कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा खेळ खेळणाऱ्या मुलांचे आईवडील मला हा प्रश्न विचारतात, आणि नव्याने खेळायला लागलेली मुलंही विचारतात. आईवडिलांना दिसतं ते असं: मुलगा एस्केपखालची की दाबतो, पडद्यावर एक खिडकी उघडते (हाच कन्सोल), तो तिच्यात इंग्रजी अक्षरांची न कळणारी ओळ टाइप करतो आणि खेळात काहीतरी बदलतं. हे हॅकिंग तर नाही ना? मुलांचा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येतो: अशी एखादी कमांड असेल ना, जिने भिंतीपलीकडचे दिसतील? दोघांना माझं उत्तर एकच असतं. कन्सोल म्हणजे चीटिंग नव्हे. कोणती कमांड चालेल आणि कोणती नाही, हे तुम्ही कुणाच्या सर्व्हरवर, म्हणजे सामना चालवणाऱ्या मशीनवर, खेळताय त्यावर ठरतं.

मुळात ही खिडकी काउंटर-स्ट्राइकची नाहीच. १९९६ मध्ये इड सॉफ्टवेअरचा क्वेक हा खेळ आला, त्यात ती पडद्याच्या वरच्या कडेतून खाली उतरायची. व्हॉल्व्ह या कंपनीने क्वेकचं इंजिन, म्हणजे खेळ चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, परवान्यावर घेतलं, त्यात भरपूर बदल केले आणि १९९८ मध्ये हाफ-लाइफ काढला. त्यावर मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक हा मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करून केलेला नवा खेळ, रचला. पुढे इंजिनं बदलली, पण कमांडांची नावं ठेवायची पद्धत तशीच राहिली. ‘एसव्ही’ने सुरू होते ती सर्व्हरची, ‘सीएल’ने सुरू होते ती तुमच्या मशीनची, ‘एमपी’ने सुरू होते ती सामन्याच्या नियमांची. (पुढचे शब्द अंडरस्कोअरने जोडायचे.) क्वेकमध्ये ‘एसव्ही ग्रॅव्हिटी’चा मूळ आकडा ८०० होता, २०२३ मध्ये आलेल्या काउंटर-स्ट्राइक २ मध्येही तो ८०० च आहे. खेळ बनवणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेलं हे अवजार खेळणाऱ्यांच्या हातात दिलं आणि इतकी वर्षं काढून घेतलं नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी खरोखर आदर वाटतो.

आता सर्व्हरचं. ऑनलाइन मॅच तुमच्या कॉम्प्युटरवर घडत नाही. तुमचं मशीन सर्व्हरला एवढंच कळवतं की अमुक की दाबली, माउस इकडे फिरला, गोळी झाडली. तुम्ही कुठे उभे आहात, गोळी लागली का, हेल्थ किती उरली, याचा निवाडा सर्व्हर करतो. की दाबल्याबरोबर तुम्ही पुढे सरकलेले दिसता तो तुमच्या मशीनने बांधलेला अंदाज असतो. सर्व्हरचा हिशेब वेगळा निघाला तर तुम्ही झटक्यात मागे ओढले जाता. नेट खराब असताना हे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे.

म्हणून ‘नोक्लिप’ टाइप करून भिंतीतून जाऊ म्हटलं तर जाता येत नाही. भिंतीतून जाणं, अमर होणं, संपणार नाहीत इतक्या गोळ्या मिळणं, अशा सगळ्या कमांडांवर इंजिनमध्येच ‘चीट’ अशी खूण आहे. सर्व्हरवर ‘एसव्ही चीट्स’चा आकडा १ असेल तरच त्या चालतात, आणि तो आकडा बदलायचा अधिकार सर्व्हर चालवणाऱ्याकडे असतो. व्हॉल्व्हच्या सर्व्हरवर तुम्ही कितीही वेळा १ टाइप करा, काहीही होणार नाही. आणि निव्वळ कन्सोलमध्ये कमांड टाइप केली म्हणून बॅनही होत नाही. ही भीती अनेक मुलांच्या मनात उगाच बसलेली असते.

मग भिंतीपलीकडचे दिसणारे लोक भेटतात ते कसे? तुमच्या आसपासचे शत्रू पडद्यावर वेळेत काढता यावेत म्हणून सर्व्हरला त्यांची जागा तुमच्या मशीनला थोडी आधी कळवावी लागते. बाहेरचा एखादा प्रोग्राम ती माहिती मेमरीतून चोरून वाचतो. तो वॉलहॅक. तसले प्रोग्राम शोधायला व्हॉल्व्हची व्हॅक ही यंत्रणा २००२ पासून आहे आणि तिचा बॅन कायमचा असतो. कन्सोलचा याच्याशी काही संबंध नाही. वॉलहॅक लावणाऱ्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. समोरच्या पाच जणांनी आपली संध्याकाळ त्या मॅचला दिलेली असते.

आपल्याकडे ज्यांनी काउंटर-स्ट्राइकची जुनी १.६ आवृत्ती कॅफेत बसून खेळलीय त्यांना सर्व्हर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे कुणीतरी एक जण ‘न्यू गेम’ करून डस्ट २ हा नकाशा सुरू करायचा, बाकीचे कॅफेतल्या लॅन नेटवर्कवरून जॉइन व्हायचे. ज्याने गेम सुरू केला त्याचं मशीनच सर्व्हर, आणि कन्सोलही त्याचा. स्टार्टमनी (शस्त्रं घ्यायला सुरुवातीला मिळणारे खेळातले पैसे) १६००० करायची की ८०० वर ठेवायची, आपल्याच माणसाची गोळी लागू द्यायची की नाही, राउंड कधी रिस्टार्ट करायचा, हे तो ठरवायचा. होस्ट कोण होणार यावरून वाद व्हायचे, आणि ते बरोबरच होतं. सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या संमतीने बदललेला नियम हा खेळाचाच भाग. गुपचूप बदललेला असेल, तर मात्र नाही.

पण मला खरं बोलायचंय ते सरावाबद्दल, कारण कन्सोलचा सगळ्यात मोठा उपयोग तिथे आहे आणि बहुतेक नवी मुलं त्याच्या जवळही जात नाहीत. ती मॅचमागून मॅच खेळतात आणि सुधारत का नाही म्हणून चिडतात. मॅचमध्ये एका राउंडला तुमच्या हातात फार तर एक स्मोक, म्हणजे धुराचा ग्रेनेड, असतो. तो चुकला तर पुन्हा टाकून बघता येत नाही, का चुकला तेही कळत नाही.

स्वतःचा प्रॅक्टिस सर्व्हर उघडा. तिथे मालक तुम्ही, तेव्हा ‘एसव्ही चीट्स १’ करायला तुम्हाला कुणाचीही हरकत असायचं कारण नाही. राउंड एक तासाचा करा, सुरुवातीचा १५ सेकंदांचा थांबा शून्यावर आणा, स्टार्टमनी १६००० करा, ‘इन्फिनिट अ‍ॅमो’ चालू करा म्हणजे ग्रेनेड संपणार नाहीत. ग्रेनेडचा मार्ग आणि तो पडण्याची जागा आधीच दाखवणारी कमांड आहे, तीही लावा. मग एकच गोष्ट घ्या. मिराज या नकाशावर टी (दहशतवादी) बाजूने मिडमध्ये, म्हणजे मधल्या भागात, जायचं तर तिथल्या विंडोत, म्हणजे खिडकीत, एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल घेऊन बसलेला माणूस धुराने झाकावा लागतो. तो विंडोचा स्मोक घ्या. कोपऱ्यात उभे राहा, नेम धरायची खूण शोधा, टाका. आता ‘नोक्लिप’ करून उडत विंडोत जा आणि शत्रूच्या जागेवरून बघा. डाव्या कडेला फट राहिली का? त्याला त्या फटीतून तुमचं डोकं दिसतंय का? स्मोक विरला असेल तर ‘रीथ्रो लास्ट ग्रेनेड’ने तोच ग्रेनेड, तसाच, पुन्हा सुटतो आणि तुम्ही पलीकडे उभं राहून तो पडताना पाहू शकता. डोळे दिपवणाऱ्या फ्लॅश ग्रेनेडचंही तसंच. आपलाच फ्लॅश शत्रूच्या जागी उभं राहून खाऊन बघा, म्हणजे कोणता आंधळं करतो आणि कोणता नुसता आवाज करतो हे समजतं. ‘गेटपॉस’ तुमच्या उभं राहण्याच्या जागेचे आकडे देतं. ते वहीत उतरवून ठेवले की उद्या ‘सेटपॉस’ने बरोबर तिथे पोचता येतं. ‘बॉट प्लेस’ने नेम धराल तिथे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला खेळाडू, उभा राहतो.

गवई मैफलीत गातो त्याआधी पहाटे एकच पलटा कितीतरी वेळा घोटतो. कन्सोल ही त्या रियाजाची खोली आहे. मॅचमध्ये यातली एकही सोय तुमच्यासोबत येत नाही. येतो तो फक्त तुमचा हात आणि तुमची नजर. याला चीटिंग म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरही काही कमांड चालतात, पण त्या तुमच्या पडद्यापुरत्या, तुमच्या माउसपुरत्या, तुमच्या नेटपुरत्या असतात. क्रॉसहेअरचा (नेमाच्या खुणेचा) रंग आणि आकार, एफपीएसची (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा, कुठल्या कीवर काय ठेवायचं ते. मॅच शोधताना किती पिंगपर्यंतचा (सर्व्हरशी निरोप जाऊन यायला लागणाऱ्या वेळापर्यंतचा) सर्व्हर चालेल हे ठरवायची कमांड तर आपल्याकडच्या खेळाडूंनी पहिल्यांदा शिकावी. मुंबईत आणि चेन्नईत सर्व्हर असताना रात्री उशिरा दूरच्या देशातल्या सर्व्हरवर जाऊन पडायचं काही कारण नाही. आता ही सोय सेटिंग्जमध्येही आहे.

एक जागा मात्र खरोखर अवघड आहे. कन्सोलमध्ये एका कीवर एकाहून जास्त क्रिया बांधता येतात; याला बाइंड म्हणतात. नेमकी गोळी मारायची तर पळता पळता क्षणात थांबावं लागतं. डावीकडे जाताना ‘ए’ सोडून ‘डी’ला हलका स्पर्श करायचा, की पाय थांबतात. ही सवय बोटांत बसायला खूप वेळ लागतो आणि चांगला खेळाडू तिथेच ओळखू येतो. काही जणांनी असे बाइंड लिहिले की ‘डी’ दाबताच ‘ए’ आपोआप सुटावं. पुढे काही कीबोर्डच हे काम स्वतः करू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्हने आपल्या सर्व्हरवर दोन्ही बंद केलं. हालचालीच्या किंवा गोळीबाराच्या एकाहून जास्त क्रिया असलेला बाइंड आता तिथे चालत नाही. उडी मारून त्याच क्षणी स्मोक सोडणारा जंप-थ्रोचा बाइंडही त्यात गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण काउंटर-स्ट्राइक २ मध्ये हाताने केलेला जंप-थ्रो पुरेसा अचूक जातो. मुख्य निर्णय मला पटतो. जे कौशल्य मॅचमध्ये तुमच्या बोटांनी दाखवायचं आहे, ते मॅच चालू असताना दुसऱ्या कशाने तरी करून घेणं, मग ती साधी कन्सोलची ओळ का असेना, बरोबर नाही.

आईवडिलांनी कन्सोलची काळजी करू नये, पण फाइल कुठून आली हे नक्की विचारावं. मुलं ‘अमक्या प्रो खेळाडूचं सीएफजी’, म्हणजे त्याच्या सेटिंग्जची फाइल, म्हणून फाइली उतरवतात. खरी सीएफजी फाइल म्हणजे साधा मजकूर. ती नोटपॅडमध्ये उघडते, प्रत्येक ओळीत एक कमांड असते, आणि न कळणारी ओळ शोधून तिचा अर्थ समजून घेता येतो. मुलाला ती वापरण्याआधी एकदा तुमच्यासमोर उघडून वाचायला सांगा. आणि सीएफजीच्या नावाखाली एखादी चालवायची फाइल हातात आली, जी अँटिव्हायरस बंद करा म्हणते, तर ती न उघडता काढून टाका. तसल्या फाइलीतून अकाउंट जातं, आणि त्यासोबत मशीनवरचं बाकीचंही बरंच काही.