गिरणेची वाळू आणि बाल्टिकची ओल

रविवार, रात्र

जांबोरीचा, म्हणजे स्काउट-गाइडच्या जागतिक मेळाव्याचा, विषय निघाला की पालक पहिल्यांदा थंडीचं विचारतात. स्वेटर किती द्यायचे, कानटोपी लागेल का. मला काळजी आहे ती ओलीची.

२०२७ ची जागतिक जांबोरी पोलंडमध्ये, ग्दान्स्कजवळच्या सोबिएशेव्हो बेटावर, ३० जुलै ते ८ ऑगस्ट. विस्तुला नदी समुद्राला मिळते तिथलं हे बेट, पलीकडे लगेच बाल्टिक. ऐन उन्हाळा असूनही दिवसा वीस-बावीस अंश, रात्री तेरा-चौदा, आणि पाऊस कधीही. आपल्या पोरांनी भुसावळचं ४५ अंशांचं ऊन सोसलंय, पौषातली थंडीही सोसलीय. पण दोन्ही कोरडी. चौदा अंशांत ओला सदरा आणि वर समुद्राचा वारा, हे त्यांच्या अंगाला नवं आहे. पोर गारठतं ते असंच.

उन्हाचंही तेच. २०२३ च्या जांबोरीचा तळ दक्षिण कोरियात साएमानगुमला समुद्र हटवून केलेल्या सपाट जमिनीवर होता. सावलीला झाड नाही, पाण्याचा निचरा नाही. उष्म्याने शेकडो मुलं आजारी पडली आणि पुढे चक्रीवादळ येतंय म्हणून ८ ऑगस्टला अख्खा तळ हलवावा लागला. ‘आपली खान्देशची पोरं, त्यांना उन्हाचं काय’ हे म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग निवतं. दमट हवेत तो नुसता ओघळतो.

आपला मुलूख कापसाचा, तरी बेटावर सुती कपडा कमीत कमी. सूत पाणी धरून ठेवतं. अंगाला पॉलिएस्टर, वरून लोकर. झोपायचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असावा आणि तो तंबूबाहेर कधीच घालू नये, दिवसाचे सगळे कपडे भिजले तरी. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नये. पाठीकडची बाजू उघडीच राहते, मानेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. जाड पिशवी सॅकच्या आतून घालायची, सामान तिच्यात.

तंबूखालचा कागद तंबूच्या कडेपेक्षा चार बोटं आतच हवा. बाहेर डोकावला की छताचं पाणी त्याच्यावर पडतं आणि बरोबर अंथरुणाखाली येऊन साचतं. रात्री ‘तंबू गळतो’ म्हणून रडणाऱ्या पोरांचा तंबू बहुधा गळत नसतो, कागद बाहेर आलेला असतो.

खुंट्यांचा सराव आपण शाळेच्या मैदानात, काळ्या मातीत करतो. ती खुंटी घट्ट धरते. वाळू धरत नाही. म्हणून सराव गिरणेच्या पात्रात, उन्हाळ्यात, आणि धरणातून आवर्तन सुटणार नाही ना हे विचारूनच. खुंटीऐवजी हातभर खड्डा खणायचा, दंडाएवढं लाकूड आडवं ठेवायचं, त्याच्या मध्यावर दोर बांधून खड्डा बुजवायचा, पाणी शिंपडून तुडवायचा. दोर जिकडे ओढतो त्या दिशेला लाकूड काटकोनात असलं पाहिजे, नाहीतर ते सरकत सरकत वर येतं. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, सुती दोरी उलट आखडते आणि खुंटी उपटते. संघनायकाने निजण्याआधी प्रत्येक दोर हाताने पाहावा. मग श्रावणात तोरणमाळ, भर पावसात तंबू लावणं आणि ओलाच बांधून दुसरीकडे पुन्हा लावणं. हे जमलं तर बेटावरचं निम्मं भय गेलं.

तिथे अंधार रात्री नऊनंतर पडतो आणि पाचच्या आत उजाडतं. पोरं झोपत नाहीत, तिसऱ्या दिवशी चिडचिड सुरू होते. डोळ्यांवर बांधायला गळ्यातला स्कार्फ आहेच.

खाण्याचं मात्र माउलींना नीट सांगावं लागेल. युरोपीय संघात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नाहीत, त्यातल्या तेलामुळे खोबरं विमानात आपोआप तापून पेट घेण्याचा धोका धरतात. काळा मसाला इथेच कुटून, दोनदा पिशवीबंद करून मोठ्या बॅगेत. ठेचा हातातल्या बॅगेत नको, तो द्रवात धरला जातो. बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, न्यावेत, फक्त डब्यात, नाहीतर चुराच पोचतो. फळं आणि भाज्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. केळ्याला तेवढी सूट आहे, हे रावेर-यावलच्या पोरांना आवर्जून सांगणार. भरिताची वांगी तिकडेच घ्यावीत. काट्यांच्या जाळाची चव गॅसवर येणार नाही, पण खरपूस भाजली तर जमतं. गॅसची नळकांडी विमानात कुठेच चालत नाही, पॉवरबँक फक्त हातातल्या बॅगेत.

कागदपत्रं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा, अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो, म्हणजे जानेवारी २०२७ च्या अखेरीपासून. विमा किमान ३०,००० युरोंचा. परतल्यानंतर तीन महिने तरी पासपोर्ट चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी. १८ वर्षांखालच्या मुलासाठी आई आणि वडील दोघांची संमती लागते. ज्यांचे वडील सुरतेला कामाला आहेत त्यांच्या सह्या, ते दिवाळीला घरी येतील तेव्हाच घ्यायच्या.