ही डिसलोकेशन्स येतात कुठून?

शुद्ध तांब्याची पेन्सिलीएवढी जाड कांडी लालबुंद तापवून थंड केली की हातानं सहज वाकते. आता ती सरळ करून बघा. हात हरतात, आणि जोर लावलाच तर ती मूळ वाकाच्या जागी न उघडता शेजारून भलतीकडेच वाकते. धातुशास्त्राच्या पहिल्या तासाला मी काही न बोलता ही कांडी वर्गात फिरवते. दुसऱ्यांदा वाकवताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यावरच पुढचे कितीतरी तास उभे राहतात.

धातू वाकतो म्हणजे त्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. अख्खा थर एकदम सरकवायला किती ताण लागेल, याचा हिशेब फ्रेंकेलनं १९२६ मध्ये मांडला. त्यानुसार तांब्याला सात हजार मेगापास्कलहून जास्त ताण लागायला हवा. प्रत्यक्षात तांब्याचा चांगला एकस्फटिक, म्हणजे सलग एकच स्फटिक असलेला तुकडा, एखाद्या मेगापास्कललाच सरकायला लागतो! टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे याचं उत्तर दिलं. स्फटिकात मध्येच एक जादा अर्धं प्रतल, म्हणजे अणूंचा अर्धवट थर, घुसलेलं असतं. त्याची कड ही एक रेषा, तेच डिसलोकेशन. थर एकदम सरकत नाही. या रेषेपाशी अणूंची एकेक ओळ जुना बंध सोडते, नवा धरते, आणि रेषा पुढे जाते. ती स्फटिकाच्या बाहेर पडली की वरचा भाग एका बर्गर्स व्हेक्टरनं सरकलेला असतो, म्हणजे एक रेषा थराला जितकं आणि ज्या दिशेनं सरकवते तितका. तांब्यात हे अंतर ०.२५६ नॅनोमीटर.

इथवर बहुतेक पुस्तकं छान सांगतात. माझा जीव गुंततो तो पुढच्या प्रश्नात.

रेषा सरकत सरकत पृष्ठभागातून निघून जात असतील, तर धातू वाकवल्यावर आतल्या रेषा संपत जायला हव्यात. घडतं नेमकं उलट. नीट तापवून मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमधल्या सगळ्या रेषा एकापुढे एक जोडल्या तर लांबी साधारण १० किलोमीटर भरते. तोच धातू थंड असतानाच भरपूर ठोकला किंवा खेचला की ती १० लाख किलोमीटरवर जाते, म्हणजे इथून चंद्रापर्यंतच्या अंतराच्या दुपटीहून जास्त. एवढ्याशा तुकड्यात! मुलांना मी हा आकडा फळ्यावर स्वतः काढायला लावते. नुसता ऐकून तो पचत नाही.

उत्तर फ्रँक आणि रीड यांचं. दोघांना ते स्वतंत्रपणे सुचलं, आणि १९५० मध्ये त्यांनी ते एकत्र प्रसिद्ध केलं. डिसलोकेशनचा एक तुकडा घ्या, दोन्ही टोकांना जखडलेला. ताण दिला की तो मधून फुगतो, कड्यावर धरलेला साबणाचा पडदा फुंकरीनं फुगावा तसा. अर्धवर्तुळ होईपर्यंत त्याला वाढता ताण लागतो, त्यापुढे मात्र तो आपोआप पसरत जातो. दोन्ही बाजू जखडलेल्या टोकांना वळसा घालून मागे येतात आणि समोरासमोर भेटतात. बर्गर्स व्हेक्टर एकच, पण रेषांच्या दिशा उलट, म्हणून तिथे त्या एकमेकींना मिटवतात. उरतं काय? बाहेर पसरत जाणारं एक बंद वलय, आणि आत पुन्हा तोच मूळचा तुकडा, नव्यानं फुगायला तयार. मला या विषयात याहून देखणी कल्पना माहीत नाही.

लागणारा ताण तुकड्याच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. तांब्यात एक मायक्रॉन लांबीच्या तुकड्याला साधारण १२ मेगापास्कल पुरतात.

हर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अॅल्युमिनिअममध्ये डिसलोकेशन्स सरकताना पाहिली. मीही मायक्रोस्कोपमध्येच पातळ पापुद्रा ताणत तासन् तास बसले आहे. पुस्तकातलं पूर्ण वलय तिथे क्वचितच दिसतं. पापुद्रा इतका पातळ, की एक बाजू पृष्ठभागातून निसटते आणि एकाच टोकाला जखडलेली रेषा त्या बिंदूभोवती फिरत राहते. रेषा थबकते, थरथरते, झटक्यात उडी मारते. शिवाय स्क्रू जातीची रेषा, म्हणजे जादा प्रतलाऐवजी जिच्याभोवती थर गोल जिन्यासारखे वळत जातात ती, एकाच प्रतलाला बांधलेली नसते. ती शेजारच्या प्रतलावर उडी घेऊन पुन्हा मूळ दिशेनं सरकू लागली की तिथे नवा स्रोत, म्हणजे वलयं सोडणारा नवा जखडलेला तुकडा, तयार होतो. प्रत्यक्ष धातूत रेषा वाढण्यात या उड्यांचा वाटा मोठा असतो, पण पाठ्यपुस्तकं त्यांना चार ओळीत उरकतात याचं मला फार वाईट वाटतं.

तर ती कांडी. पहिल्या वाकवण्यात रेषा बेसुमार वाढल्या, वेगवेगळ्या प्रतलांवरच्या एकमेकींत अडकल्या, काही ठिकाणी जुळून न हलणाऱ्या गाठी झाल्या. मोकळे तुकडे आखूड झाले, म्हणून त्यांना फुगवायला जास्त ताण हवा. हा ताण रेषांच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: घनता शंभरपट, तर ताण दसपट. वाकाच्या जागी तांबं सगळ्यात कडक झालेलं असतं, म्हणून कांडी शेजारून वाकते. पुन्हा तापवली की रेषा एकमेकींना मिटवतात, नवे स्वच्छ स्फटिक-कण वाढतात आणि ती परत मऊ होते.

मग स्रोताला जागाच उरली नाही तर? २००४ मध्ये निकेलच्या एकस्फटिकातून काही मायक्रॉन जाडीचे खांब कोरून दाबून बघितले गेले. खांब जितका बारीक, तितका तो सरकवायला जास्त ताण लागला. धातू तोच, रचना तीच. पण खांबाच्या रुंदीपेक्षा लांब तुकडा त्यात मावतच नाही, आणि आखूड तुकडा सहजी फुगत नाही.