रस्त्यावरचं सोयाबीन

दसरा झाला की मी वाईला जाते. आईला वाटतं, लेक माझ्या ओढीनं येते. अर्धं खरं आहे ते. उरलेली अर्धी ओढ परसातल्या सायकलीची. सायकल भाच्याची, एकवीस गिअरची. त्याला मिसरूड फुटलं, दारात मोटरसायकल आली आणि ही तुळशीमागं भिंतीला टेकली ती टेकलीच. एकवीसपैकी सात-आठ गिअर पडतात. मला तीन पुरतात.

लोक पावसाळ्यात येतात सायकली घेऊन. येवोत बापडे. पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा आणि चष्म्यावर पाणी, याच्यात मला काही रस नाही. दिवाळी मागं पडली की साखर कारखाने पेटतात आणि उसाच्या ट्रॅक्टरांपुढं सायकलवाल्यानं साइडपट्टीवर उतरून नमस्कार करत उभं राहायचं. पाऊस गेलाय आणि ऊस अजून निघालेला नाही, असे मधले तीनेक आठवडे काय ते माझे.

ऑक्टोबरचं ऊन वाईट असतं हे कबूल. आभाळ निवळलेलं, जमिनीत अजून ओल. वरून भाजतं आणि खालून वाफारतं. म्हणून सहालाच निघायचं. तेव्हा कृष्णेवर धुकं असतं, ढोल्या गणपतीच्या घाटाची पलीकडची बाजू दिसत नाही. गावाबाहेर पडलं की बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि त्यांच्या मधोमध दवानं जड झालेली कोळ्यांची जाळी. पांडवगडाचा माथा तेवढा उन्हात, बाकी सगळं सावलीत. पसरणीच्या घाटाकडं मी बघतही नाही. तो हेल्मेटवाल्यांचा. मी ओढणी कमरेला गाठ मारून मेणवलीच्या सपाट रस्त्याला लागते.

मेणवली तीनच किलोमीटर, पण थांबल्याशिवाय पुढं जाववत नाही. नाना फडणवीसांच्या वाड्यामागं नदीवर घाट आहे आणि तिथं एका छोट्या देवळीत भली थोरली घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर 1707 साल आहे, आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. लहानपणी आम्ही तिला देवकी समजायचो. कुणी दुरुस्त केलं नाही, आणि काही बिघडलंही नाही.

पडले ते मेणवलीच्या पुढं, धोमच्या वाटेवर.

वळणावर अर्धा रस्ता पिवळा दिसला. मळणी होऊन आलेलं सोयाबीन वाळत घातलं होतं, कडेनं दगड मांडून. समोरून दुधाच्या किटल्यांची मोटरसायकल आली, मी डावीकडं घेतलं, आणि पुढचं चाक दाण्यांवर गेलं. सोयाबीनचा दाणा म्हणजे गोल, गुळगुळीत छर्रा. ब्रेक लावला ही चूक झाली. सायकल एकीकडं, मी एकीकडं, आणि चपलेचा पत्ता नाही.

बांधावरनं एक म्हातारी पळत आली. मला वाटलं, उचलायला. ती आधी दाण्यांकडं वाकली.

"गटारात नाय ना गेलं?"

"नाही हो आजी. गुडघा गेला."

"गुडघा भरून येतुया." मग माझ्याकडं नीट बघून, "कुणाची गं तू?"

आईचं माहेर सांगितलं, आळी सांगितली. दोन पिढ्या मागं गेल्यावर ओळख लागली. लगेच हळद आली, पदरानं धूळ झटकली गेली आणि पाठोपाठ माझ्या हातात खराटा आला. सांडलंय तर गोळा करायला नको का?

झाडता झाडता मी विचारलं, रस्त्यावरच का वाळवता? म्हातारीनं मला खुळ्यात काढलं. अंगणातली माती ओल सोडत नाही, ताडपत्रीखाली घाम धरतो. डांबर दुपारी तव्यागत तापतं, दोन दिवसांचं काम एका दिवसात. व्यापारी दाण्यात मशीन घालतो, बारा टक्क्यांवर ओल निघाली की भाव पाडतो. "त्याचं मशीन, आन् माजं ह्ये," म्हणत तिनं एक दाणा दाढेखाली धरला. "कट्‌कन वाजला पायजे. दबला, की वलं हाय." मलाही एक चावायला दिला. माझा दबला का वाजला, मला काही कळलं नाही. ती म्हणाली, शहरातल्या दाढा.

एरवी रस्त्यावर धान्य पसरणाऱ्यांवर मीच तोंडसुख घेते. रात्री त्या दगडांवर गाड्या आपटतात, माणसं जायबंदी होतात. माझं मत अजून तेच आहे. फक्त त्या दिवशी तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती. हातात खराटा होता आणि तिचा चहा पोटात.

धोमला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. मान भाजायला लागली होती. नरसिंहाच्या देवळाशी कुंडातल्या दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय, तो बघून घेतला. कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय असं वाटतं. धरणाकडं चढायचा बेत रद्द केला. गुडघा ताठ झाला होता. त्यात मागच्या चाकात सराटा घुसलेला. परतीची वाट निम्मी सायकलवर आणि निम्मी सायकल हातात धरून. पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली तर एक नाही, तीन ठिकाणी बुडबुडे.

घरी आल्यावर आईनं गुडघा पाहिला, काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर मी ओढणी झटकली तर गाठीतून पाच-सहा दाणे फरशीवर टपटपले. आईनं एक उचलला, दाढेखाली धरला, डोळे मिटून चावला.

"अजून एक ऊन पाहिजे," म्हणाली, आणि उरलेले पदराच्या टोकाला बांधले.